ब्रंटलँडबाई आणि आल्ताचं धरण

कातळकोना:
'शाश्वत विकास' म्हटलं की ग्रो हार्लेम ब्रंटलँड हे नाव येतंच. पेशाने डॉक्टर, नॉर्वेच्या पहिल्या महिला पंतप्रधान, आणि संयुक्त राष्ट्रांच्या ज्या आयोगाने 1987 मध्ये या शब्दाची व्याख्या रुजवली त्याच्या अध्यक्षा. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवायच्या, ही ती व्याख्या. मला ती मनापासून पटते. पण त्याच 1987 मध्ये उत्तर नॉर्वेत आल्ता नदीवरचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. रेनडियर पाळणाऱ्या सामी या तिथल्या आदिवासी लोकांनी त्याविरुद्ध जिवाचं रान केलं होतं. फेब्रुवारी 1981 मध्ये बाई पंतप्रधान झाल्या त्याच आठवड्यात 14 सामी बायका त्यांच्या कार्यालयात ठिय्या देऊन बसल्या. पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. व्याख्या शिकवताना हे कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

पाणवठा:
राग समजतो, पण तुम्ही निम्मीच हकिकत सांगितलीत. धरणाला संसदेने 1978 मध्ये मंजुरी दिली. जानेवारी 1981 मध्ये सुमारे 600 पोलीस पाठवून आंदोलकांना उठवलं, तेही आधीच्या पंतप्रधानांच्या काळात. मूळ आराखड्यात मासी हे सामी गाव बुडणार होतं, ते आधीच वगळलं होतं. आणि सामींच्या हक्कांचा 1987 चा सामी कायदा, सामींनी निवडलेली त्यांची स्वतःची 1989 ची सामी संसद, हे ब्रंटलँड सरकारच्या काळातलं. ते का गाळलंत?

कातळकोना:
1978 मध्ये पर्यावरणमंत्री कोण होतं? त्याच. 1974 ते 1979. त्या खात्याने नदीची बाजू घ्यायची नाही तर कुणी?

अवकाळी:
धरणाचं राहू द्या, तेलाचं बघा. 1986 ते 1996 या काळात, मधलं एक वर्ष सोडलं तर, त्याच पंतप्रधान होत्या आणि नॉर्वेचं तेल उत्पादन तिपटीवर गेलं. 1993 मध्ये व्यावसायिक देवमासेमारीही पुन्हा सुरू केली. पुढच्या पिढ्यांसाठी तेल जमिनीखाली ठेवावं असं त्यांना वाटलं नाही.

दवाबाई:
मी आरोग्यखात्यात नोकरी करते, म्हणून मला त्या जवळच्या वाटतात. अवकाळी, 1991 पासून नॉर्वेने समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनावरही कार्बन कर, म्हणजे हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडवरचा कर, लावला. तो कर भरण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइड पुरणं परवडतं, असा हिशेब झाला आणि 1996 पासून स्लाइप्नर या समुद्रातल्या वायूक्षेत्रात वर्षाला जवळपास 10 लाख टन वायू समुद्रतळाखाली सोडला जाऊ लागला. हे कुठल्या भाषणाने झालं नसतं. बहुमत नसलेली सरकारं चालवून त्यांनी हे केलं. 1986 च्या मंत्रिमंडळात 18 पैकी 8 बायका होत्या, तेव्हा जगात असं कुठे होतं? पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालक असताना तंबाखू कंपन्यांशी थेट भिडल्या, 2003 चा तंबाखू नियंत्रण करार त्यातून आला. माझ्या वॉर्डातले तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट बघितले की त्याची किंमत कळते.

पाणवठा:
तंबाखूचं अगदी बरोबर. तिथे त्यांनी कुणाची भीडभाड ठेवली नाही.

कातळकोना:
दवाबाई, कार्बन कराचं मला माहीत नव्हतं, ते मी मानतो. सामी संसदेचंही. पण ती संसद मिळण्याआधी ओस्लोत उपोषणाला बसावं लागलं, आणि नदी अडली ती अडलीच. वर्गात व्याख्या शिकवाल तेव्हा कार्यालयात बसलेल्या त्या 14 जणींचंही सांगा, एवढंच माझं म्हणणं आहे.