इंदूर–पुणे ५०० किलोमीटर, मग सव्वा तास कसला?

एबी रोडवाला: आई-बाबांना पुण्याला पाठवायचंय, म्हणून तिकिटं बघत होतो. इंदूर–पुणे सरळ रेषेत साधारण ५०० किलोमीटर. जेट ताशी ८०० ने जातं, म्हणजे पाऊण तास झाला की पुण्याचं लोहगाव विमानतळ यायला हवं. तिकिटावर मात्र सव्वा तास. उशीर झाला तरी ‘वेळेवर उतरलो’ म्हणायला मोकळे! माझं स्पष्ट मत, एवढ्याशा अंतराला विमान म्हणजे नुसता थाट. रात्री स्लीपर बसमध्ये आडवं व्हावं, सकाळी संगमवाडीत चहा. बोला.

खिडकीची जागा: भिया, भागाकार बरोबर आहे, पण विमान काय सुटल्या सुटल्या ८०० ने पळतं? तिकिटावरची वेळ विमान इथल्या जागेवरून हललं की सुरू होते आणि तिथे जागेवर थांबलं की संपते. धावपट्टीपर्यंतचं रांगणंही त्यातच. शिवाय ३०,००० फुटांवरून उतरायचं तर दीडशेहून जास्त किलोमीटर आधीच खाली यायला लागतं. चढतानाही जवळपास तेवढंच अंतर जातं. उरले दोनशेच्या आसपास, तेवढाच काय तो पूर्ण वेग. म्हणून तर ताशी ५०० वालं पंख्याचं एटीआरसुद्धा इतक्या अंतरात जेटच्या फार मागे पडत नाही. त्यात लोहगाव हवाई दलाचं. लढाऊ विमानं सरावाला निघाली की आपण आपले घिरट्या घालतो. तेवढी दहा-पंधरा मिनिटं गाठीला बांधावीच लागतात.

एबी रोडवाला: ‘गाठीला बांधतात’, हेच तर म्हणत होतो! मी एकदा वीस मिनिटं आधी उतरलो आणि शिडी येईपर्यंत तेवढाच वेळ आत उभा, बॅग डोक्यावर धरून.

कोथरूडची सून: हवेतल्या मिनिटांवर कसले भांडता? दारापासून दारापर्यंत मोजा. विजयनगरहून विमानतळ पाऊण तास. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून आपण दोन तास आधी हजर. मग सव्वा तास, बॅगेला अर्धा, आणि संध्याकाळी लोहगाव ते कोथरूड दीड तास (विमानापेक्षा जास्त, हो!). झाले सहा तास. बसला बारा, तेही बिजासन घाटात ट्रक आडवा झाला नाही तर. माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना वरच्या बर्थवर चढवून दाखवा, मग थाट म्हणा.

रतलाम जंक्शन: रेल्वेला कोणी विचारतच नाही. विचारणार तरी काय, आपली पुणे गाडी आधी रतलाम, वडोदरा, सुरत दाखवते, मग कल्याणवरून पुणे. मनमाड–इंदूर ३०९ किलोमीटरच्या मार्गाला २०२४ च्या सप्टेंबरात मंजुरी मिळाली, १८,०३६ कोटींची. तो झाला की विमानवाले आणि बसवाले दोघेही गप्प.

खिडकीची जागा: तोवर सुनबाईंचे सासरे बसले वाट बघत.

एबी रोडवाला: आई-बाबांचं विमानाचं काढलं, गुडघ्यांपुढे आपलं काही चालत नाही. मी मात्र बसनेच येतोय, सामान घेऊन. माणशी १५ किलोत आईची नुसती सेवसुद्धा बसत नाही.