शब्दचर्चा: ‘हिरवे’ मंत्र म्हणजे निसर्गाचेच का?

आडवा_पत्ता
भाचा नववीत आहे. तो आणि त्याचे तीन मित्र सुट्टीत ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा जादूच्या लढाईचा पत्त्यांचा खेळ खेळतात, त्यांच्यासाठी पाठपोट एक पान मराठी टिपण करतोय. पत्ते इंग्रजीच राहतील, फक्त प्रकारांची नावं मराठीत हवीत. खेळ १९९३ चा. रंग पाच, प्रत्येकाची भूमी ठरलेली: पांढऱ्याची मैदानं, निळ्याची बेटं, काळ्याची दलदल, लालचे डोंगर, हिरव्याचं जंगल. मी ‘हिरवे = निसर्गमंत्र’ असं लिहून मोकळा झालो. भाच्याने पान पाहिलं आणि म्हणाला, “मामा, वीज निसर्गात येत नाही का?”

वीज लाल. भूकंपही लाल. पण चक्रीवादळ हिरवं, धुकं हिरवं आणि जुन्या संचातली त्सुनामीसुद्धा हिरवी. कहर म्हणजे त्याच पहिल्या संचात ज्वालामुखीचा उद्रेक निळा आहे! तो डोंगर उडवतो आणि डोंगर पडले लालचे, म्हणून लालच्या वैऱ्याकडे दिलेला.

तर ‘निसर्गमंत्र’ खोडलं. त्या जागी काय लिहू? आणि ‘स्पेल’ला मंत्र चालेल का? भूमी सोडली तर इथे प्रत्येक पत्ता टाकताना स्पेलच असतो, एल्फसारखा प्राण्याचा पत्तासुद्धा. एल्फ हा मंत्र कसा?

तत्सम
गोंधळ ‘निसर्ग’ या शब्दाचा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ उपजत स्वभाव, ‘निसर्गतः’ म्हणताना आपण अजून तोच वापरतो. डोंगरदऱ्या त्यात नंतर आल्या. हिंदीवाले प्रकृती म्हणतात, पण आपण ‘प्रकृती कशी आहे’ विचारून ती दवाखान्यात नेऊन ठेवली. माझ्या मते ‘वानस्पत्य अभिचार’ लिहावं.

काकूबाई
वानस्पत्य? मला डालड्याचा डबा आठवला. आणि अभिचार म्हणजे दुसऱ्याच्या वाईटावर केलेलं, ते पोरांच्या पानावर कशाला? पाच ओळींत जादूटोणाविरोधी कायदा लागू होईल. :)

गंमत सोडा. मंत्र, तोडगा, गंडा, मूठ, उतारा यांत आमच्या आजीचा कधी घोळ व्हायचा नाही. मंत्र तोंडाने म्हणायचा. तोडगा करायचा. गंडा बांधायचा. मूठ मारायची. उतारा ओवाळून तिठ्यावर ठेवायचा. एवढी हत्यारं घरात असताना सगळ्याला मंत्र म्हणणं हा आळस झाला.

रात्रपाळी
दहा वर्षं खेळतोय म्हणून सांगतो, रंगावरून वर्गीकरण करूच नका. नियमात महत्त्व वेळेला. ‘इन्स्टंट’ कधीही टाकता येतो, समोरच्याच्या डावातसुद्धा. ‘सॉर्सरी’ फक्त आपल्या डावात, तेही दुसरं काही चालू नसताना. ‘एन्चांटमेंट’ टाकल्यावर पटावर राहतो. १९९९ पर्यंत ‘इंटरप्ट’ नावाचं आणखी एक लचांड होतं, ते काढलं तेव्हा सुटलो. म्हणून माझी यादी: तत्काळ, डावातला, टिकाऊ.

काकूबाई
तत्काळ म्हटलं की मला सकाळी दहाचं रेल्वेचं तिकीट दिसतं. टिकाऊ म्हटलं की पायताण. पटावर राहणाऱ्यांपैकी जो एखाद्या प्राण्याला चिकटवतात (‘ऑरा’ ना?) त्याला मात्र गंडा फिट्ट बसतो.

रात्रपाळी
“मी तुझ्या एल्फला गंडा घातला.” झालं, मारामारी.

काकूबाई
बांधला! घातला नाही, बांधला. क्रियापदावर तर सगळं आहे.

सुपारी_श्रीवर्धन
मला खेळातलं कळत नाही, पण चक्रीवादळ हिरवं कसं, हे विचारणाऱ्या मामांना सांगते. ३ जून २०२० ला आमच्याकडे वादळ आलं, त्याचं नावच ‘निसर्ग’ होतं. नाव बांगलादेशाने सुचवलेलं. वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या. आजे-सासऱ्यांनी लावलेल्या होत्या. तेव्हापासून घरात कुणी ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ म्हणालं की सासूबाई उठून आत जातात.

आडवा_पत्ता
बाप रे. बोलायलाच काही उरलं नाही. खेळात चक्रीवादळ उडणाऱ्या प्राण्यांना आणि सगळ्या खेळाडूंना मारतं, टाकणाऱ्यालाही. लाल भूकंप त्याचा उलटा, न उडणाऱ्यांना आणि खेळाडूंना. म्हणजे वादळ घालणाराही वाचत नाही, एवढं तरी त्यांनी बरोबर पकडलंय.

धुक्याचा पत्ता त्या फेरीतल्या लढाईची इजा होऊच देत नाही. त्याला ‘धुई’ म्हणू?

सुपारी_श्रीवर्धन
धुईने इजा होत नाही? आमच्या आंब्याच्या मोहोराला विचारा.

बागायतदार_सोलापूर
जंगलाच्या पत्त्याला ‘रान’ म्हणा की. अरण्यावरूनच आलाय, सुटसुटीत आहे. हिरवे ते रानमंत्र.

वावर
रान चालेल, आमच्या अमरावतीकडे रान म्हणजे जंगलच. पण तुम्ही सोलापूरवाले रानात कापूस-ज्वारी पेरता ना?

बागायतदार_सोलापूर
पेरतो की. “आबा रानात गेलेत” म्हणजे शेतात गेलेत. पण “रानडुक्कर” म्हणताना कुणी शेतडुक्कर समजत नाही.

वावर
शेतातच असतं ते रात्री. आम्ही शेताला वावर म्हणतो, म्हणून भानगड नाही.

तत्सम
खेळात शक्तीला ‘माना’ म्हणतात, तो ‘मनस्’चाच अवशेष असावा, हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

रात्रपाळी
कारण तसं नाही. शब्द पॅसिफिकमधल्या बेटांवरचा, माओरीतही आहे. मेलानेशियावरच्या १८९१ च्या एका इंग्रजी पुस्तकामुळे युरोपात पसरला. प्रत्येक गोष्ट आपल्या ओसरीवर जन्मली नाही, साहेब.

तत्सम
बेटांवर कुठून आला, हे कुणी पाहिलंय?

बागायतदार_सोलापूर
आडवा_पत्ता, ‘जायंट ग्रोथ’ला वाढबीढ लिहू नका, ‘फोफावणे’ लिहा. आणि टाकून दिलेला पत्ता परत हातात आणणारा हिरवा पत्ता आहे म्हणतात ना, ‘रिग्रोथ’? तो सरळ ‘खोडवा’. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा ऊस.

आडवा_पत्ता
खोडवा! हे लगेच लिहिलं. फोफावणेही. तो पत्ता एका फेरीपुरता प्राण्याला तीन-तीनने वाढवतो. एका मानाच्या किमतीत तीन काहीतरी देणारे असे पाच पत्ते पहिल्या संचात होते, रंगाला एक. वीज तीन इजा करते, ती त्यांतलीच.

वावर
खोडव्याला उतारा कमी पडतो पण.

बागायतदार_सोलापूर
वजन कमी पडतं. उतारा नाही. खोडवा लवकर पिकतो, सुरुवातीला उतारा चांगलाच लागतो. कारखान्यावर विचारा.

काकूबाई
थांबा, हा कुठला उतारा? मी तिठ्यावरचा म्हणत होते.

बागायतदार_सोलापूर
साखरेचा. शंभर किलो उसातून किती किलो साखर.

रात्रपाळी
समोरच्याचा पत्ता हाणून पाडणाऱ्या ‘काउंटरस्पेल’ला मी मनात उतारा म्हणत होतो, विषावरच्या उताऱ्यासारखा. तो निळा असतो.

वावर
आणि सातबाऱ्याचा?

तत्सम
सगळे एकाच ‘उतरणे’चे. दृष्ट उतरते, विष उतरतं, नोंद उतरवून घेतात. साखरेचं मात्र जमवून आणावं लागेल.

आडवा_पत्ता
मंडळी, हिरव्याचं काय? भाचा उद्या येतोय.

काकूबाई
नववीत आहे ना? मग त्याला पाचवा माहीत असेल. ‘खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा.’

तत्सम
तो उतारा वेगळा. तो उतरवून घेण्यातला.

वावर
सातबाराही उतरवूनच घेतात. मग तो आणि हा एकच की.