मामांची जुनी फायबरची बोट: किंमत कशी ठरवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बामणोलीला मामांच्या गोठ्यात 14 फुटी फायबरग्लासची बोट पंधरा-वीस वर्षं उलटी पडून आहे. मामांनी ती मुंबईहून सेकंडहँड आणून शिवसागरात (कोयना धरणाच्या जलाशयात) चालवली. आता गोठा पाडायचाय. भंगारवाला म्हणतो, इंजिन वजनावर घेतो, फायबर फुकटही नको!

पण मागे माशाच्या परांसारखे पंख आहेत, जुन्या अमेरिकन मोटारींना असायचे तसे. 1950 च्या दशकातल्या अशा बोटींवर तिकडचे शौकीन जीव टाकतात म्हणे. मूळ काच, स्टिअरिंग, कंपनीची पट्टी शाबूत असेल तर भाव चढतो. नुसत्या सांगाड्याला कोण विचारतो? आमच्या बोटीची काच आहे, पट्टी गायब (भाच्यांची कृपा, त्यात मीही आलो). 1972 च्या शेवटापासून अमेरिकन बोटींवर मागे उजवीकडे बोटीचा ओळख नंबर कोरलेला असतो. इथे तो नाही. म्हणजे त्याआधीची, की अमेरिकन नाहीच?

इंजिन बसतं त्या मागच्या भागातलं आतलं लाकूड कुजलं असावं. ठोकलं की बद्द आवाज येतो. बाकी जेलकोटला (फायबरवरच्या चकचकीत थराला) बारीक तडे आहेत, आरपार काही नाही.

आपल्याकडे असं काही घेणारे संग्राहक आहेत का? साधारण किती देतात? इंजिन वेगळं विकावं की बोटीसकट? मामा म्हणतात, आधी झकास रंग मारू. मी त्यांना कसंबसं थोपवून धरलंय, त्यामुळे जरा लवकर सांगा.