टँकमधला सकर मासा फार वाढलाय, काय करू?

काचघर: शेवाळ खाईल म्हणून बोटाएवढा सकर आणला होता. चार वर्षांत फूटभर झालाय. टँक तीन फुटी आहे आणि याहून मोठा ठेवायला घरात जागा नाही, हे आधीच सांगतो. कुठे द्यावा?

जुनाहौशी: सहा फुटी घ्या. मी घेतला, बारा एमएम काच, खाली लोखंडी स्टँड. माझा सकर अकरा वर्षांचा आहे, अजून ठणठणीत. तीन फुटीत त्याला धड वळताही येत नसेल.

संथपाणी: जागा नाही म्हणतायत ना ते! तळ्यात सोडा, जगेल बिचारा. एवढ्या पाण्यात एका माशाने काय होतंय?

जाळेवाला: नका सोडू, हात जोडतो. आमच्या तलावातही कुणीतरी 'एकच' सोडला असणार. जाळ्यात आला की परांचे काटे ताठ करतो, मग जाळंच कापावं लागतं. अंगावर हाडांचं कवच, विकत कुणी घेत नाही. पोटाने हवा घेतो, काठावर टाकला तरी तासन्तास मरत नाही. नर काठात खोल बिळं पाडतो, मादी आत अंडी घालते, नर राखण करतो. आमचा बांध त्यानेच पोखरलाय.

शेवाळी: मुळात मोठा सकर शेवाळ खातच नाही. माझा रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटायचा, खवले सोलून काढले.

जुनाहौशी: उपाशी ठेवला असेल. माझा काकडीची फोड खातो, शेवाळही खातो.

शेवाळी: रोज खायला घालत होते. अनुभव सांगतेय.

पाणथळ: मूळ मुद्द्यावर येऊ. हा दक्षिण अमेरिकेतला मासा, टँकच्या हौसेतूनच जगभर पसरला. मेक्सिकोच्या इन्फिएर्नियो धरणात तिलापियाची मासेमारी चालायची, तिथली जाळी याच माशांनी भरू लागली. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीतही तो आहे. दुकानदाराला परत घेतो का विचारा, नाहीतर मोठा टँक असलेल्या हौशीला किंवा मत्स्यालयाला द्या. कुणीच घेतलं नाही तर पशुवैद्याला विचारून शांतपणे मारलेला बरा. टँकचं पाणी नाल्यात नको, झाडांना घाला. आणि पकडताना जाळी नको, काटे अडकतात. डब्यात घ्या.

संथपाणी: मारायचा? त्यापेक्षा तळं बरं.

जाळेवाला: तळ्यातल्या बाकीच्या माशांचं काय?

जुनाहौशी: सहा फुटी कोपऱ्यात सहज बसतो, एकदा मोजून तर बघा.

काचघर: सगळ्यांचे आभार. दुकानदार घेतो म्हणाला, पण तो पुन्हा विकणार आणि घेणारा माझ्यासारखाच अडकणार. पुढे तळं आलंच. म्हणून दिला नाही. जिन्याखाली सिमेंटचा जुना हौद रिकामा पडला होता. वर छप्पर आहे, त्यामुळे पावसाने भरून वाहायची भीती नाही. सांडपाण्याचं भोक बुजवलं, वर जाळी ठोकली, फिल्टर लावला. काल रात्री डब्यातूनच हलवला. काटे ताठ केले होते, जाळेवाले म्हणाले तसेच. सकाळी काकडी खाल्ली त्याने.