६० जीबीचा मारियाडीबी डेटाबेस: रात्रीचा डंप पुरत नाही, दुपारी सर्व्हर गेला तर काय?

सावदा_लेजर
नमस्कार मंडळी. केळी व्यापाऱ्यांचं बिलिंग आणि काटा-पावत्यांचं सॉफ्टवेअर आहे, सर्व्हर सावद्याला. उबुंटू २२.०४, मारियाडीबी १०.६, डेटा ६० जीबी. बहुतेक टेबलं इनोडीबी प्रकारची, पाच-सहा जुन्या मायआयसॅम प्रकारची. रोज रात्री १ वाजता ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ (सगळी टेबलं एकाच क्षणाची मिळावीत म्हणूनचा पर्याय) लावून मायएसक्यूएलडंप (सगळ्या डेटाची एसक्यूएल मजकुरातली प्रत) निघतो आणि त्याच खोलीतल्या यूएसबी डिस्कवर पडतो. दुसऱ्या मशीनवर चढवून पाहिला तर साडेपाच तास लागले. सिझनमध्ये दुपारी सर्व्हर बसला तर सकाळपासूनच्या पावत्या जातील, गाड्या काट्यावर उभ्या राहतील ते वेगळंच.

हवंय ते असं: फार तर १५ मिनिटांचं काम जावं, दीड तासात सर्व्हर उभा राहावा आणि एक प्रत जळगावच्या ऑफिसात असावी. अपलोड १० एमबीपीएस. लाइट जाते, यूपीएस वीस मिनिटं टिकतो. मुक्त स्रोतच हवं. बॅकअपसाठी बॅक्युला घ्यावं की एक्स्ट्राबॅकअप?

धुळे_डीबीए
दोन्ही नको. बॅक्युला अनेक मशीनच्या फायली सांभाळायला चांगलं, पण आत डेटाबेसचं स्वतंत्र साधन लावावंच लागतं. एक्स्ट्राबॅकअप मारियाडीबी १०.३ पासून चालत नाही. तुमच्यासाठी मारियाडीबीचंच साधन, मारियाडीबी-बॅकअप. सर्व्हरची जी आवृत्ती, तीच याची ठेवा. सर्व्हर अपग्रेड केला की त्याच दिवशी नवा फुल बॅकअप घ्या.

डंप चढवताना एकेक ओळ पुन्हा घातली जाते, इंडेक्स नव्याने बांधले जातात. साडेपाच तास तिथेच जातात. इथे डेटाच्या फायलीच उचलल्या जातात. साध्या हार्डडिस्कवर सेकंदाला १२० एमबी धरा, ६० जीबी नऊ मिनिटांच्या आत बसतात.

रविवारी रात्री फुल (पूर्ण प्रत), सोमवार ते शनिवार इन्क्रिमेंटल (फक्त बदललेला भाग). प्रत्येक इन्क्रिमेंटलचा पाया रविवारचा फुलच ठेवा, आदल्या दिवसाचा नको. जागा थोडी जास्त जाते, पण बुधवारची प्रत खराब निघाली म्हणून गुरुवारची वाया जात नाही. इन्क्रिमेंटलमुळे आकार वाचतो, वाचन वाचत नाही: बदललेली पानं (डेटा फायलींचे छोटे तुकडे) शोधायला सगळ्या फायली वाचाव्याच लागतात. मायआयसॅम टेबलं तर दर वेळी पूर्ण कॉपी होतात. ती आधी इनोडीबी करून घ्या. ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ त्यांना लागूच होत नाही, त्यामुळे तुमच्या आजच्या डंपमध्येही ती टेबलं बाकीच्यांशी जुळतीलच असं नाही.

बॅकअपच्या यूजरला रीलोड, प्रोसेस, लॉक टेबल्स आणि बिनलॉग मॉनिटर एवढेच अधिकार पुरतात. लॉगची शेवटची ओळ ‘कम्प्लीटेड ओके’ आहे का, हे स्क्रिप्टने तपासलंच पाहिजे. फोल्डर तयार झालं म्हणजे बॅकअप झाला असं नाही.

हमखास अडतं ते रीडू लॉगला (इनोडीबीची बदल टिपणारी फाइल). १०.६ मध्ये तो मुळात ९६ एमबीचा असतो. बॅकअप चालू असताना लिखाण जोरात असेल तर लॉग फिरून स्वतःवरच लिहितो आणि बॅकअप मध्येच तुटतो. १ जीबी करा. या आवृत्तीत त्यासाठी रीस्टार्ट लागतो, म्हणून सिझनआधीच उरका.

तापीकाठ
वरचं सगळं बरोबर, पण त्याने फक्त रात्रीपर्यंतचं परत मिळतं. १५ मिनिटांसाठी बिनलॉग (प्रत्येक बदल क्रमाने टिपणारी बायनरी नोंद) हवा. मारियाडीबीत तो आपोआप चालू नसतो. कॉन्फिगमध्ये ‘लॉग बिन’ चालू करा, फॉरमॅट ‘रो’ (बदललेल्या ओळी टिपणारा) ठेवा, मुदत १० दिवस.

सावदा_लेजरभाऊ, तुमच्याकडे लाइट जाते म्हणून मुद्दाम सांगतो: ‘सिंक बिनलॉग’ मुळात ० असतं, ते १ करा. ० असताना मशीन धाडकन बंद पडलं तर बिनलॉगच्या शेवटच्या नोंदी डिस्कवर पोचलेल्याच नसतात. लिखाण थोडं मंदावेल, ते सोसा. यूपीएसची केबल जोडून नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा. बॅटरी उतरत आली की सर्व्हर स्वतः नीट बंद होईल.

दर १० मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) ‘फ्लश बायनरी लॉग्ज’, म्हणजे नवी बिनलॉग फाइल सुरू होते, आणि लगेच आरसिंकने (फायली पाठवणारं साधन) बिनलॉग जळगावला. लाइन तुटली तर पुढच्या फेरीत राहिलेलं जातं. आरसिंकला ‘डिलीट’ पर्याय लावू नका, नाहीतर इकडे मुदत संपून गेलेल्या फायली तिकडूनही जातील.

रेप्लिका (सतत जुळत राहणारा दुसरा सर्व्हर) लावा असं कोणी सुचवेल. चुकीचा डिलीट तिथेही क्षणात पोचतो. रेप्लिका बॅकअपची जागा घेत नाही.

सावदा_लेजर
समजलं. कोणी ११:४२ ला ‘वेअर’ची अट न लावता अपडेट मारला आणि टेबलातल्या सगळ्याच ओळी बदलल्या, तर नेमकं ११:४१ पर्यंत कसं यायचं? आणि १० एमबीपीएसवर ६० जीबी जळगावला पोचणार कसे?

धुळे_डीबीए
आधी बिलिंगचं सॉफ्टवेअर थांबवा, नव्या नोंदी येऊ देऊ नका. फुल प्रतीची कॉपी करा आणि प्रिपेअर (प्रत वापरायोग्य करणारी पायरी) त्या कॉपीवर चालवा. मूळ प्रतीवर नको: प्रिपेअर फायली बदलतो, मध्येच लाइट गेली तर हातातलीही जाते. आधी फुल प्रिपेअर, मग त्यावर ताजा इन्क्रिमेंटल. सर्व्हर बंद करा, जुनी डेटा डिरेक्टरी पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा. नवी रिकामीच हवी, नाहीतर ‘कॉपी बॅक’ (फायली परत जागेवर ठेवणारी पायरी) नकार देतो. नंतर फायलींची मालकी मायएसक्यूएल यूजरला द्या. ही पायरी विसरली की सर्व्हर सुरूच होत नाही आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो.

ताज्या इन्क्रिमेंटलच्या फोल्डरमधल्या ‘एक्स्ट्राबॅकअप बिनलॉग इन्फो’ फायलीत फाइलचं नाव आणि पोझिशन असते. तिथून पुढचे बिनलॉग मारियाडीबी-बिनलॉग या साधनाने चालवा, सगळ्या फायली एकाच कमांडमध्ये. कुठे थांबायचं ते घड्याळाच्या वेळेवरून ठरवू नका. एका सेकंदात दहा पावत्या असू शकतात. ‘डीकोड रोज’ (बदललेल्या ओळी वाचता येतील अशा दाखवणारा पर्याय) लावून तो अपडेट शोधा आणि त्याच्या ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीची पोझिशन ‘स्टॉप पोझिशन’ला द्या. शोधायला वेळ वापरणार असाल तर ती कमांड चालवणाऱ्या मशीनची वेळ धरली जाते. ते मशीन यूटीसीवर असेल तर साडेपाच तासांनी चुकाल.

अमळनेरकर
जळगावच्या प्रतीसाठी रेस्टिक हे बॅकअपचं साधन. १० एमबीपीएस म्हणजे तासाला साडेचार जीबी. ६० जीबीला तेरा तासांच्या वर. पहिली प्रत लाइनवरून पाठवूच नका. रेस्टिकची रेपॉझिटरी म्हणजे साधं फोल्डर. सावद्यातच डिस्कवर बनवा आणि डिस्क जळगावला न्या. पुढे फक्त नवे तुकडे जातात.

बॅकअप आधी जीझिप करून देऊ नका. थोडा डेटा बदलला तरी पुढची फाइल वेगळी दिसते आणि सगळं पुन्हा जातं. रेस्टिक ०.१४ पासून स्वतःच कॉम्प्रेस करतं. तिकडे रेस्ट-सर्व्हर (रेस्टिकच्या प्रती घेणारा सर्व्हर) ‘अपेंड ओन्ली’ (फक्त भर घालता येईल असा) ठेवा, म्हणजे सावद्याच्या मशीनवर रॅन्समवेअर आलं तरी जुन्या प्रती पुसता येणार नाहीत. जुन्या प्रतींची छाटणी जळगावच्या मशीनवरूनच चालवा, एवढ्या प्रती ठेवा: ७ रोजच्या, ५ आठवड्याच्या, १२ महिन्याच्या. रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवा. तो गेला तर प्रत असून नसल्यासारखी.

महिन्यातून एकदा जळगावची प्रत तिथल्याच मशीनवर पूर्ण उभी करा, घड्याळ लावून. काल रात्रीची शेवटची काटा-पावती क्रमांकासकट दिसते का ते पाहा आणि लागलेली मिनिटं वहीत टिपा. दीड तासाच्या वर गेलं तर आधी डिस्क बदला, हार्डडिस्कऐवजी एसएसडी.