मदत हवी आहे: सोसायटीच्या वर्कशॉपमध्ये काकांना कसं सांगायचं?

नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात एक कॉमन वर्कशॉप आहे, ड्रिल, ग्राइंडर, जिगसॉ, सगळं वर्गणीतून घेतलेलं, ज्याला हवं तो किल्ली घेऊन वापरतो. प्रॉब्लेम असा की एक रिटायर्ड काका ४ इंची ग्राइंडरचा गार्ड (पात्यावरचं संरक्षक कव्हर) काढून त्याला लाकूड कापायचं दातेरी ब्लेड लावतात. आता हे मशीन मिनिटाला ११००० च्या आसपास फेरे घेतं, ब्लेड गाठीत अडकलं की सरळ अंगावर उसळतं, आणि वर काकांच्या हातात सुती मोजे!! फिरत्या मशीनवर मोजे घालू नयेत, धागा अडकला की हात आत ओढला जातो, हे सांगितलं तर म्हणतात "तुझ्या जन्माच्या आधीपासून करतोय मी हे". माणूस खरंच हौशी आणि मदतीला तयार, त्यामुळे चारचौघांत बोलायला जड जातं.

बाकी किरकोळ कटकटी आहेतच, ड्रिलचं बोथट बिट तसंच परत डब्यात, एमडीएफचा (दाबून केलेल्या लाकडी बोर्डचा) भुसा कोणी झाडत नाही. पण लाकडाला लावायच्या जवसाच्या तेलात भिजलेले कापडाचे बोळे चुरगळून कचऱ्यात टाकतात त्याची मला जास्त भीती वाटते, ते आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवायला हवेत.

तुमच्याकडे असं कॉमन वर्कशॉप असेल तर नियम कोणी लावले, कमिटीने का वापरणाऱ्यांनीच? गार्ड काढलेला दिसला तर किल्ली बंद, असं केलं तर चालेल का, का भांडणंच होतील?