लेखापाल एकच असताना अंतर्गत नियंत्रण कसं बसवायचं?

जमाखर्च: आमच्या फाउंडेशनच्या कार्यालयात तीनच माणसं आहेत: संचालक, समन्वयक, लेखापाल. बिलं, व्हाउचर, ऑनलाइन पेमेंट, नोंदी, बँक ताळमेळ (आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं) सगळं लेखापालाकडे. ऑडिटरने त्यावर शेरा मारलाय. नवीन माणूस परवडणार नाही. शिवाय चार देणगीदारांचे पैसे एकाच बँक खात्यात आहेत. सुरुवात कुठून करावी?

खतावणी: माणूस वाढवू नका, कामं फोडा. माल किंवा सेवा मिळाल्याची सही समन्वयकाची, मंजुरी संचालकांची. नोंद करून पेमेंट पोर्टलवर चढवायचं लेखापालाने, पण सोडायचं संचालकांनीच. घोळ नेमका इथे होतो: कागदावर मेकर-चेकर (पेमेंट चढवणारा आणि सोडणारा) दोघं, पण दोन्ही ओटीपी लेखापालाच्याच मोबाइलवर, कारण 'साहेब दौऱ्यावर असतात'. कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवण्याचाच हा नवा अवतार. आधी तो बंद करा.

ताळमेळ संस्थेच्या मंडळावरच्या खजिनदारांकडे द्या. बँकेकडून त्यांना फक्त पाहण्यापुरतं लॉगिन घ्या. लेखापालाने पाठवलेल्या एक्सेलवरून ताळमेळ तपासणं म्हणजे काहीच न तपासणं. पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत तो व्हायलाच हवा. 'भरणा केला, जमा व्हायचा आहे' या यादीत एकच रक्कम दोन महिने दिसली तर आधी तिचा माग काढा.

ताळेबंद: देणग्या देशातल्याच असतील आणि देणगीदाराची अट नसेल तर वेगळी बँक खाती लागत नाहीत; परदेशी देणगीला मात्र कायद्याने वेगळं खातं लागतं. प्रत्येक निधीला स्वतंत्र कॉस्ट सेंटर (हिशोबात त्याचा जमाखर्च वेगळा दाखवणारा कप्पा) द्या आणि महिनाअखेरीला ही बेरीज करा: बँक शिल्लक अधिक येणी व उचली (आपण दिलेल्या आगाऊ रकमा), वजा देणी. समजा बँकेत ९ लाख, उचली १ लाख, देणी २ लाख. हाती उरले ८ लाख. चारही निधींची न खर्चलेली शिल्लक मिळून १० लाख भरत असेल, तर सर्वसाधारण निधी (कुठल्याच प्रकल्पाला न बांधलेले संस्थेचे पैसे) २ लाखांनी उणे आहे. म्हणजे कार्यालयाचा खर्च कुणाच्या तरी प्रकल्पाच्या पैशांतून भागलाय. बँकेत पैसे दिसतात म्हणून हे महिनोन्‌महिने कळत नाही. प्रकल्पांमध्ये पगाराची विभागणीही टाइमशीटवरून (कुणी कोणत्या प्रकल्पाला किती वेळ दिला याची नोंद) करा. बजेटमधले टक्के तसेच उतरवले तर देणगीदाराचा ऑडिटर तो खर्च नामंजूर करू शकतो.

जमाखर्च: आणि संचालकांच्या स्वतःच्या प्रवासखर्चाची मंजुरी? पेटी कॅश (किरकोळ खर्चासाठीची रोख)?

खतावणी: प्रवासखर्च अध्यक्ष किंवा खजिनदारांनी मंजूर करायचा, हाताखालच्या माणसाने कधीच नाही. पेटी कॅशची रक्कम ठरवून टाका. हातातली रोख आणि न भरपाई झालेली व्हाउचर मिळून कधीही तेवढीच भरली पाहिजे. मोजणी न सांगता करा. पैसे दिलेल्या बिलावर 'अदा' शिक्का मारा, नाहीतर त्याच बिलाची झेरॉक्स दुसऱ्या प्रकल्पात लागते.

ताळेबंद: एक राहिलं. पुरवठादाराने बँक खातं बदलल्याचा ईमेल आला तर आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा. त्या ईमेलमधल्या नंबरवर नको.